आहे. जाऊ नका!

रेवाला तीन वर्षं पूर्ण झाली तरी ती बोलत नाही. म्हणजे 'नको', 'दे' आणि 'बाबा' एवढं बोलते. (बाबा! दिवसभर घरात असते मी, आणि तोंडात आला तो बाबा!) या काळजीने माझा डोळा लागत नाही. फोन हातात घेतला आणि 'तीन वर्षांचं मूल' एवढंच टाइप केलं, की पुढचं 'बोलत नाही' तो स्वतःच सुचवतो. म्हणजे आता त्यालाही कळलंय. मग फोन पालथा ठेवते आणि पडवीवरचे किस्से आठवत पडते.

हे किस्से दाराशी चपला साचतात तसे साचलेत. कुठली कुणाची, कधी आली, पत्ता नाही. पण घाईत बाहेर पडावं तर नेमकी तीच पायात येते.

पडवी म्हणजे काय ते आधी सांगते. आमची एक साइट आहे. तिथे जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली असतात. मशीन ती वाचून जमेल तसं टाइप करतं आणि मग आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं (शब्द सासूबाईंचा) एकेक पान तपासून चुका काढतात. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, चहासुद्धा आपापल्या घरचा. नवीन माणूस इथे आला की गांगरतो. म्हणून कोपऱ्यात मदतीची एक चॅटची खिडकी आहे, तिचं नाव पडवी. तिथे आम्ही पाळीपाळीने बसतो. सकाळी पेणहून गुप्ते सर, रिटायर्ड गणित शिक्षक. दुपारी रोह्याहून मी. संध्याकाळी मस्कतहून इक्बालभाई. ते मूळचे आमच्याच तालुक्यातले, खांब गावाजवळचे. आम्ही तिघं एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही. पण सरांना कुठल्या वेळी खोकला येतो ते मला माहीत आहे!

*

मी स्वतः नवीन होते तेव्हाची गोष्ट. रेवा अगदी तान्ही होती. पाळणा हलवता हलवता मी या साइटवर पोचले आणि एका पानावर अडकले. पडवीत जाऊन लिहिलं, "कोणी आहे का?"

मिनिटभर थांबले. तेवढ्यात रेवा रडायला लागली. दूध, ढेकर, लंगोट, परत दूध. स्क्रीनसमोर आले तेव्हा दुपार उतरली होती. खिडकीत गुप्ते सरांचे मेसेज एकाखाली एक.

"आहे."

"आहे हो. बोला."

"आहे अजून."

"जेवून येतो, पण आहे."

"जेवलो. आहे."

"लाइट जाईलसं वाटतंय. गेली तरी मी आहे असं समजावं."

मी घाईघाईने लिहिलं, "सॉरी सर, बाळ रडत होतं." लगेच उत्तर आलं, "बाळ आधी. मी कुठे जातोय!"

एवढं आश्वासन तर मला लग्नातही कुणी दिलं नव्हतं! मी तिथेच राहिले.

पुढे कळलं, तो सरांचा नियमच आहे. नवीन माणूस दारात फार वेळ उभा राहत नाही. उत्तर येत असो वा नसो, आधी लिहायचं, "आहे. जाऊ नका." दुसरा नियम, उत्तर लगेच द्यायचं नाही. आधी विचारायचं, "आधी काय करून पाहिलंत?" कारण निम्म्या लोकांनी काहीच करून पाहिलेलं नसतं आणि उरलेल्यांनी नको ते सगळं करून पाहिलेलं असतं.

*

तिसऱ्या नियमाची मात्र जन्मकथा आहे.

सुरुवातीला सरांची उत्तरं बरोबर असायची, पण वाचणाऱ्याला उगाच ताठ बसावंसं वाटायचं. एकदा 'निळा पक्षी' असं काहीतरी नाव घेऊन एक नवीन सभासद आला. त्याने प्रश्न विचारला. सरांनी उत्तर दिलं, "प्रश्न नीट वाचा. उत्तर त्यातच आहे."

निळा पक्षी भीत भीत लिहितो, "सॉरी, पण तुम्ही गुप्ते सर का?"

"कशावरून?"

"हे वाक्य मी नववी ब मध्ये ऐकलंय."

सरांनी विचारलं, "मी तुला कधी वर्गाबाहेर उभं केलं होतं का?"

"हो सर. बऱ्याचदा."

"बरं. मग आता आत ये."

त्या दिवसापासून नियम झाला, उत्तर पाठवायच्या आधी मोठ्याने म्हणून बघायचं. कानाला टोचलं तर बदलायचं. सर पेणला आपल्या गॅलरीत बसून म्हणतात. इक्बालभाई ऑफिसात असले तर पार्किंगमध्ये जाऊन म्हणतात. आणि मी रोह्यात जेवणाच्या टेबलावर बसून म्हणते. टेबलाखाली रेवा तिचे ठोकळे लावत बसलेली असते. ती त्या वेळी झोपावी अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा रेवापर्यंत अजून पोचलेली नाही.

*

मोठ्याने म्हणायच्या या नियमाने घरात जे काही झालं, त्याची वेगळी खिडकी उघडावी लागेल.

एकदा सिलिंडरवाला आला. त्याने सिलिंडर आत ठेवला, रिकामा उचलला, निघाला. मी टेबलावरून, स्क्रीनमधून डोळे न काढता, खणखणीत आवाजात, "आहे. जाऊ नका!"

थोड्या वेळाने मान वळवली तर तो दारातच उभा. खांद्यावर रिकामा सिलिंडर तसाच.

"ताई, थांबलोय मी. पण गाडी चालू हाय खाली."

नवऱ्याचं तर काय सांगू! अमेय धाटावला केमिकल कंपनीत आहे. फर्स्ट शिफ्ट करून आला, बूट काढले आणि विचारलं, "खायला काय आहे गं?"

मी तंद्रीत, "आधी काय करून पाहिलंत?"

त्या दिवशी त्याने स्वतः कांदा चिरून ऑम्लेट केलं. मला अर्धं दिलं. वर म्हणतो, "हेल्पलाइन चांगली आहे तुमची!"

सासूबाईंना मात्र यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नाही. त्या आल्या की टेबलाखाली वाकून रेवाला बघतात, मग वर मला बघतात. "अगो, त्या डब्याशी बोलतंस तेवढी पोरीशी बोललीस तर मामलेदारीण व्हईल ती! पोर बोलत नाय, नि आय गप बसत नाय!"

अमेय म्हणतो, "आई, आमच्यात कोण लवकर बोललंय? मी लग्न ठरल्यावर बोललो."

सगळे हसतात. मीही हसते. आणि मग भांडी घासताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहतं. पोर बोलत नाय, नि आय गप बसत नाय. खरं असेल तर? मी दिवसभर जगाशी बोलते आणि तिच्या वाट्याला माझे पाय येतात. नुसते टेबलाखालचे पाय!

*

इक्बालभाईंचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

एका संध्याकाळी एक नवीन बाई आल्या. मोबाइलवर मराठी टाइप कसं करायचं इथपासून सुरुवात. इक्बालभाईंची सबुरी म्हणजे काय विचारता! "आहे ताई. जाऊ नका." मग कीबोर्ड कुठे, सेटिंग कुठे, बोट कुठे. बाई विचारतायत, हे सांगतायत. बाई चुकतायत, हे "काही हरकत नाही ताई, परत करू" म्हणतायत. मी वाचत होते. मनात म्हटलं, देव सगळ्यांना असा माणूस देवो!

शेवटी बाईंचं एक पान नीट तपासून झालं. इक्बालभाईंनी शाबासकी दिली. बाईंनी विचारलं, "तुम्ही सगळ्यांशी असंच प्रेमाने बोलता का हो?"

"हो ताई. इथे सगळे आपलेच."

"मग घरच्या फोनवर 'बिझी हाय, नंतर करतो' कोण म्हणतो?"

इक्बालभाईंनी एकच शब्द टाइप केला.

"रुखसाना?"

"व्हय. नि ताई कोनाला म्हनता?"

आता रुखसानाभाभी आमच्यात नियमित आहेत. इक्बालभाईंच्या पाळीतच येतात. मस्कत ते खांब एवढा लांबचा संसार, पण भांडणंसुद्धा आता नियमाप्रमाणे होतात. आधी मोठ्याने म्हणून बघायचं, मग पाठवायचं!

*

पेणची एक मुलगी आली होती. गणपतीच्या कारखान्यात काम करते, मूर्तींचे डोळे आखते. सीझन संपला होता, वेळ होता. काम चोख. पण एक अडचण, ती 'जतन करा' हे बटणच दाबेना! पान तपासायची, पुन्हा तपासायची आणि बंद करून निघून जायची. सगळी मेहनत पाण्यात.

मी म्हटलं, "अगं दाब. चुकलं तर नंतर दुरुस्त करता येतं."

ती म्हणाली, "डोळा चुकला तर आम्हीपण पुसतो ताई. पण तोवर त्याने बघितलेलं असतं ना!"

शेवटी सरांनी तोडगा काढला. बटण तिने दाबायचंच नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी दाबायचं. तेव्हापासून पानं तिची आणि बटण तिच्या आजेसासूबाईंचं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून भीतीही वाटत नाही. धाडकन दाबतात!

*

सगळेच असे गोड येत नाहीत. एका दुपारी एक महाभाग आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट, "मॅडम, एकट्याच का? माझ्याशी लग्न कराल?"

घरात मी आणि रेवाच होतो. काही लिहू? नको? ब्लॉक कुठून करतात तेही आठवेना. (दुसऱ्यांना रोज शिकवते मी ते!) एवढ्यात खिडकीत सरांचा मेसेज उमटला. त्यांची पाळी कधीच संपली होती.

"आहे. जाऊ नका."

मग दुसरा.

"लग्नासाठी आधी काय करून पाहिलंत?"

माणूस गेला तो गेलाच. मी हसत सुटले, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. रेवा टेबलाखालून बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने एक ठोकळा माझ्या हातात दिला. बोलली काही नाही.

*

आणि एक 'तो' होता. किंवा ती. नाव नाही, फोटो नाही. रोज दुपारी पडवीत यायचा. 'लिहीत आहे…' अशी अक्षरं यायची आणि विरायची. पुन्हा यायची, पुन्हा विरायची. प्रश्न काही यायचा नाही.

मला तो प्रकार बघवत नव्हता. मी रोज नवीन काहीतरी लिहायची. "काही अडचण आहे का?" "लाजू नका." "काहीही विचारा!" "तुमची भाषा वेगळी आहे का?" जितकं मी लिहायची तितका तो लवकर जायचा.

सर म्हणाले, "तुम्ही फार बोलता. नुसतं 'आहे' लिहा आणि आपलं काम करा."

तसं केलं. किती दिवस गेले कुणास ठाऊक. एका दुपारी मी लिहिलं, "आहे. जाऊ नका." आणि चक्क उत्तर आलं.

"नाही जात. रोज बघतो मी. छान चाललंय तुमचं."

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणून बघायचंही विसरले. लिहिलं, "अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोलायचं काय? सगळं कळत होतं की!"

तो निर्धास्त होता. मी मात्र उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले. कारण रेवाला तपासून आमचे रोह्याचे डॉक्टरही तेच म्हणाले होते, "कान उत्तम आहेत. तिला कळतं सगळं." आणि त्यानंतर चिठ्ठी लिहिली होती. "तरी एकदा पेणला वाचा-उपचारवाल्या मॅडमना दाखवून घ्या."

*

अपॉइंटमेंट मिळाली. रेवाला ज्या शाळेत घालायचं होतं तिथल्या बाईंनीही सांगून ठेवलं होतं, "घेऊ हो आम्ही, पण शू लागली तर सांगेल ना ती?" माझ्याकडे फक्त एक ठाम समजूत होती, हे माझ्यामुळे झालंय. स्क्रीन, खिडकी, पडवी. दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता माझ्या पोरीचं बोलणं मी खाल्लं.

मी सरांना लिहिलं, "सर, उद्या पेणला येतेय रेवाला दाखवायला. मॅडम म्हणाल्या माझ्यामुळे आहे, तर मी पडवी सोडणार. निरोपाचा मेसेज लिहून ठेवलाय."

मला वाटलं होतं सर समजावतील, नको म्हणतील. सरांनी विचारलं, "मोठ्याने म्हणून पाहिलात का?"

टेबलाशी बसून म्हणून पाहिला. "मंडळी, यापुढे मी पडवीत नसेन." एवढंच वाक्य, पण 'नसेन'पाशी आवाज फाटला. ठोकळ्यांचा आवाज थांबला. रेवा बाहेर आली, माझ्या मांडीवर चढली आणि स्क्रीनकडे बघत बसली. मेसेज तसाच राहिला. न पाठवलेला.

*

दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. वडखळला नेहमीप्रमाणे अडकलो. डोलवीच्या कंपनीच्या बसेस पुढे, ट्रेलर मागे, मध्ये आम्ही. मी रेवाला सगळं दाखवत होते, "हा बघ ट्रक. म्हण, ट्रक! ही म्हैस. म्हण, म्हैस!" शेजारच्या काकू शेवटी म्हणाल्या, "अगो, तिला जरा बघू तरी दे!" आणि अख्ख्या बसने मान वळवून मलाच बघितलं.

दवाखाना म्हणजे एका जिन्याखालून आत गेलं की दोन खोल्या. एकीत बोलण्याचं, दुसरीत कानाच्या मशिनींचं. मॅडम तरुण होत्या, शांत. खाली चटईवरच बसल्या. रेवासमोर ठोकळे ठेवले. चित्रं ठेवली. बाहुली आणली, तिला शिंकायला लावलं.

"हे काय आहे?"

रेवा गप्प.

"बाहुलीला काय झालं?"

रेवा गप्प.

"नाव काय तुझं?"

रेवाने माझ्याकडे बघितलं. माझे ओठ नकळत 'रे' म्हणायला उघडले. मॅडमनी हात करून मला थांबवलं. "आई, तुम्ही नाही."

मी ओठ मिटले. पदर नव्हता म्हणून ओढणी पिळत बसले. मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागल्या. त्या लिहीत होत्या तितका वेळ मी मनातल्या मनात तो निरोपाचा मेसेज पाठवत होते. पाठवा, पाठवा, पाठवून टाका. मग त्यांनी विचारलं, "घरी हिच्याशी दिवसभर कोण बोलतं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणून उघडलं होतं. पण तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारबाबा आत डोकावले. खाडीकडचे असावेत. डोक्याला टोपी, कानात मशीन, आणि त्या मशीनमधून बारीक शिट्टी वाजत होती, कुकरला आत वाफ धरताना वाजते तशी. डोळ्यांनाही कमी दिसत असावं, कारण आम्ही तिघी समोर बसलेलो असून त्यांनी भिंतीकडे बघत हाक मारली.

"कोन हाय का?"

"आहे," रेवा म्हणाली. "जाऊ नका."

मॅडमचं पेन थांबलं. आवाज बारीक होता, पण सूर माझा होता. शेवटच्या शब्दावर मी जसा किंचित जोर देते, तसाच.

बाबा खुशीत आले. त्यांना कुणीतरी भेटलं होतं. दाराला धरून हळूच वाकले आणि रेवाला म्हणाले, "ह्ये कानातलं मशीन सकालपासून शिट्टी मारतंय गो बाय. काय करू, सांग!"

रेवाने हातातला ठोकळा खाली ठेवला. त्यांच्याकडे नीट बघितलं. आणि विचारलं,

"आधी काय करून पाहिलंत?"